आईच्या लुगड्याची गाठ

देवावरचा माझा विश्वास उडाला होता असं मी म्हणणार नाही. रुसवा होता, आणि तो जुना होता. मागं आमच्या हिमायतनगरकडच्या गावात जमिनीला हादरे बसले. मांडणीवरची भांडी वाजली, एका भिंतीला भेग पडली, जीव कोणाचा गेला नाही. पण त्या दिवसापासून मी घरात निजेनाशी झाले. बाहेर पत्र्याखाली बाज टाकली. आमचे हे म्हणाले, "अगं, सारं गाव घरात निजून राहिलं, तूच का बाहेर?" का ते यांना ठाऊक होतं. मी लातूरकडची. लहानपणीच्या भूकंपात माझी आई गेली, धाकटा भाऊ गेला. मी अंगणात आजीजवळ होते म्हणून उरले.

त्यात माझी सुवर्णा पहिलटकरीण, सातवा लागलेला. तिचा फोन आला. "आई, तू बाहेर अन् मी लेकराला घेऊन आत, असं कसं जमंल? त्यापरीस मी सासरीच राहते." तिचं काही चुकलं नव्हतं. पण लेकीचं पहिलं बाळंतपण माझ्या हातून जाणार, या विचारानं मी चुलीपुढं बसून हमसून हमसून रडले. माहूरच्या रेणुकेला म्हटलं, आईला नेलंस, आता माझं आईपण पण ने.

यांनी मला नांदेडला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, सगळं ऐकून घेतलं आणि वर सांगितलं की चार बायांत बसा, हाताला काम ठेवा. गावात नलूताई म्हणून रिटायर नर्स आहेत. हादऱ्यांनी घाबरलेल्या बायांना त्या दुपारी समाजमंदिरात जमवत आणि सगळ्यांकडून जुन्या कपड्यांच्या वाकळा शिवून घेत. मी फटकळ, म्हणाले, "भूकंपावर वाकळ? मग तापावर लोणचं द्या!" नलूताई हसल्या. "बोलायचं असंल तर बोल, न्हाई तर टाके घाल." मी महिनाभर नुसते टाके घातले. हळूहळू तोंडही उघडलं. कोणाची छाती धडधडते, कोणाला ट्रक गेला तरी घाम फुटतो, हे ऐकून वाटलं, मी एकटीच येडी नाही.

मग नातवासाठी वाकळ काढायची ठरली. नलूताई म्हणाल्या, वरचं कापड घरचंच पाहिजे. माझ्याकडं आईचं एक हिरवं लुगडं होतं. ढिगाऱ्यातून मामानं काढलेलं. इतकी वर्षं मी ते पेटीत ठेवलं, कारण त्याच्या पदराला एक गाठ होती. भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी गणपती बोळवायला निघताना आईनं देवापुढं हात जोडले आणि पदराला गाठ मारली, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्याकडं बाया नवस बोलून अशी गाठ मारतात, फेडल्यावरच सोडतात. आई काय बोलली, कोणत्या देवाला, कोणास ठाऊक. नवस राहिला म्हणून आमचं घर गेलं, आणि आता फेडायची मी उरलेय, हे मी लहानपणीच मनाशी धरलं होतं. हादरे बसले तेव्हा पहिला विचार हाच आला, की देव वसुलीला आला. हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी बायांपुढं सांगितलं.

गाठीला हात लावायला कोणी धजेना. तेवढ्यात दाराशी एक म्हातारी आली. पांढरं पातळ, कपाळ मोकळं. इस्लापूरची बस चुकली म्हणून पाणी प्यायला आत शिरलेली. तिनं अर्धं बोलणं ऐकलं असावं. "आण हिकडं बाई," म्हणाली, आणि दाभणाचं टोक घालून तिनं गाठ सोडलीसुद्धा. आत कागदाची पुडी. म्हातारीनं वास घेतला आणि खो खो हसली. "अगं, मिसरी हाय! सासूपासून लपवली आसंल तुझ्या मायनं. मिसरीचा कुणी नवस बोलतं व्हय?"

मिसरी घासून काळे पडलेले आईचे दात मला लख्ख आठवले. आजी मिसरीवरून तिला किती बोलायची, तेही आठवलं. मी हसायला लागले ते थांबेचना, आणि हसता हसता आईसाठी जे रडायचं राहिलं होतं ते रडून घेतलं. इतकी वर्षं आई म्हटली की मला नवसच आठवायचा. त्या दुपारी आई आठवली. सावरले तोवर म्हातारी पाणी पिऊन, नलूताईंना "जयभीम" करून निघून गेली होती. बस कोणती मिळाली, नाव काय, काही कळलं नाही. मी याला चमत्कार म्हणत नाही. माझं गाऱ्हाणं रेणुकेपाशी होतं, ते ऐकलं गेलं, एवढं मला कळतं. कोणाच्या हातून सोडवावं, हे तिनं मला विचारलं नाही.

वाकळ झाली. आमच्याकडं शेवटचा टाका घालण्याआधी वाकळीला घास भरवतात, भाकरीचा तुकडा आत ठेवून शिवतात, म्हणजे पांघरणाराला कधी उपाशी राहावं लागत नाही. मी भाकरीबरोबर मिसरीची रिकामी पुडीही ठेवली. नलूताईंनी डोळे वटारले, पण शिवू दिलं.

मी घरात निजू लागले, तशी सुवर्णा आली, नात झाली. गोळ्या अजून चालू आहेत, भीतीही येऊन जाते. परवा दुपारी नात त्या वाकळीवर निजली होती, मी शेजारी आडवी, दार लोटलेलं. भांडी वाजली. नातीला छातीशी धरून मी सुवर्णासकट अंगणात आले. सारी गल्लीच बाहेर. थोडा वेळ थांबलो, यांनी भिंती बघितल्या, सगळं ठीक होतं. माझी बाज पत्र्याखाली अजून तशीच होती. सुवर्णा माझ्या तोंडाकडं बघत होती. आई गं, आता तुझ्या हवाली, एवढंच रेणुकेला म्हटलं, आणि नातीला घेऊन सगळ्यांच्या आधी मी घरात गेले.