शेवंताची मंजिरी

थेरगावात, डांगे चौकामागच्या गल्लीत, कोंडीरामच्या घरी रविवारी सकाळी पाहुणा आला की त्याच्या हातात चहाच्या आधी हेडफोन पडायचा. "आधी ऐका, मग बोलू," हा त्या घरचा शिरस्ता. कोंडीरामची उमेदीची वर्षं भोसरीच्या एका प्रेसशॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांपाशी गेली आणि उतारवयातली चाकणला, तपासणी खात्यात. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, नातवंडं सांभाळतात. हा हेडफोन तपासू लागला.

रीत मात्र कारखान्यातलीच होती. तपासणीच्या टेबलावर नवा जॉब, म्हणजे घडवलेला सुटा भाग, नमुन्याच्या जॉबशेजारी ठेवून बघतात, तसा प्रत्येक हेडफोन तो एकाच कॅसेटवर पारखी. आधी छोट्या मीटरनं नव्या-जुन्या दोन्ही हेडफोनांचा आवाज सारखा करून घेई. "आवाज मोठा असला की कान लाच खाल्ल्यासारखा त्याच्याच बाजूनं बोलतो," तो म्हणे. ॲम्प्लिफायर दोन होते. एक पिंपरीतल्या दुकानात हातानं जोडलेला, लाकडी पेटीतला, सुरू केल्यावर जरा वेळानं कोमट होणारा. दुसरा हल्लीचा, साबणाच्या वडीएवढा.

त्या कॅसेटची गोष्ट जुनी. एका बुद्धपौर्णिमेला विहाराच्या अंगणात वस्तीतल्या बायांनी गाणी म्हटली होती आणि शेजाऱ्यानं आपल्या टेपरेकॉर्डरवर ती भरून घेतली होती. पुढे गाणारी कोंडीरामची बायको, कस्तुरा. मागे मंजिरी वाजवणारी त्याची धाकटी बहीण, शेवंता. शेवंताला गळा नव्हता, पण त्या दोन पितळी वाट्यांना ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. झोपताना उशाशी घेऊन झोपे. पुढच्याच पावसाळ्यात ती तापानं गेली. फोटो एकच, तोही कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यात, निम्मा चेहरा दुसरीच्या पदराआड. तिचं म्हणून खरंखुरं उरलं होतं ते एवढंच, कॅसेटमधली किणकिण.

आणि तीच ऐकू येत नव्हती. घरातला वर्षानुवर्षं बंद पडलेला टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला आणि हेडफोन लावला, तेव्हा कस्तुराचा गळा आला, ढोलकी आली, मधेच रडलेलं कुणाचं तरी पोरही आलं. मंजिरी नाही. दोष हेडफोनचा, असं कोंडीरामनं ठरवलं. तेव्हापासून तो हेडफोन आणत होता, विकत होता, बदलत होता. गल्लीत म्हणत, म्हाताऱ्याला नाद लागलाय. नाद कसला, तो बहिणीला शोधत होता.

त्या रविवारी अर्जुनराव आला. कंपनीच्या स्टोअरमधला जुना सोबती, मूळचा लातूरकडचा. मुलाचा, गणराजचा, भारीतला हेडफोन पिशवीतून काढत म्हणाला, "जयभीम, कोंडीराम. हे धर. किंमत सांगायच्या आधी माणसाला खुर्ची द्यावी लागते बघ."

"खुर्ची तुझ्या मागेच आहे. बस."

कस्तुरा स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत होती. "भाऊजी, आणखी एक आणलात? या घरात आता कानांपेक्षा हेडफोन जास्त झालेत."

कोंडीरामनं भारीतला हेडफोन चढवला, नव्या ॲम्प्लिफायरला जोडला, डोळे मिटले. ढोलकीचा ठोका छातीत उतरला. कस्तुराचा आवाज अगदी जवळ आला. त्यानं मान डोलावली, बारीक सूर वाढवणारं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि नाही म्हणून मान हलवली. मग स्वतःचा, मागून जाळी असलेला जुना हेडफोन लाकडी पेटीला लावला. त्याचाही आवाज वाढवत नेला.

"अहो, हळू करा की," कस्तुरा म्हणाली. "शेवंताची मंजिरी इथवर खणखण वाजतीय."

त्यानं एका कानावरचा कप उचलला. "काय म्हणालीस?"

"मंजिरी हो. जाळीतून बाहेर येतीय. भाऊजी, तुम्हाला येतीय ना ऐकू?"

अर्जुनराव रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिला. "येतीय की. मागच्या रविवारीबी येत हुती."

"मग बोलला का नाहीस?"

"आरं, तू मान डोलवत हुतास. मला वाटलं, तुला तर येतच आसंल. तू त्याच्याहूनबी बारीक काहीतरी हुडकतूस."

कोंडीरामनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. प्रेसशॉपमध्ये ठोका पडला की पायाखालची फरशी हलायची. कानात कापूस घालणाऱ्याला सगळे हसायचे. तोही हसला होता. पुढे तपासणी खात्यात त्यानं कितीतरी गेजं, म्हणजे माप तपासायची साधनं, बाद केली होती. वापरून वापरून गेज घासतं आणि मग चांगल्या जॉबलाही नापास करतं, म्हणून दरवर्षी तेच आधी तपासायला पाठवायचं. एवढे हेडफोन नापास करताना स्वतःच्या कानाचं गेज तपासायचं त्याला कधी सुचलं नव्हतं.

"म्हणजे माझ्यापुरती ती गेलीच," तो म्हणाला.

"गेली काय? इथंच तर वाजतीय. आणा इकडं." कस्तुरानं पदराला हात पुसले आणि आधी भारीतला हेडफोन घातला. लगेच काढला. "अगं बाई! ही तर सुईसारखी कानात शिरली." मग जाळीचा घातला, लाकडी पेटीवर. डोळे मिटले. "हां. याच्यात मी पुढं, ढोलकी बाजूला, अन् ती माझ्या खांद्यामागं. अशीच उभी राहायची."

"म्हंजे गणराजचा नापास?" अर्जुनरावानं विचारलं.

"नापास! एवढं महागाचं, अन् माणसाला उभं राहायला जागा नाही."

अर्जुनराव मोठ्यानं हसला. कोंडीराम हसला नाही. तो पुढे सरकून बसला. "कशी वाजवते गं?"

कस्तुराला ते ऐकू गेलं नाही. तिच्या कानात गाणं होतं. पण मेथीच्या ताटाच्या कडेवर तिचं बोट आपोआप पडायला लागलं. तिची मान ढोलकीवर हलत होती आणि बोट मंजिरीवर. प्रत्येक वेळी बोट मानेच्या किंचित आधी पडत होतं.

ढोलकीवाला साहेबराव याच गोष्टीवरून चिडायचा, थांब गं जरा, म्हणायचा. आणि शेवंता थांबायची नाही.

"घाई करते," कोंडीराम पुटपुटला. "अजून घाईच करते."

गाणं संपलं तसं बोट थांबलं. कस्तुरा हेडफोन काढायला गेली, तेव्हा त्यानं तिचा हात धरला, कॅसेट मागं घेतली आणि पुन्हा सुरू केली.