अक्काच्या कानांनी खरंच ऐकलं होतं

हे मी नवऱ्याजवळ बोलले नाही. लेकीजवळ नाही. जंगमस्वामी घरी आले की त्यांच्या पायांवर डोकं टेकवताना कितीदा ओठापर्यंत आलं — आणि तसंच गिळलं. तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच बहुतेक तुमच्यापुढे बोलायचं धाडस होतंय.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, शांताक्का. लग्न होऊन मी खजुरीला आले तेव्हा मला कानडी धड कळत नव्हती, आणि घरातलं अर्धं बोलणं कानडीत. सासूबाई काही बोलल्या की अक्का हळूच मराठीत सांगायची. रागाचं असलं तर निम्मं गाळून सांगायची — हे मला फार उशिरा समजलं. अशी ती होती. हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल, दोघींचं वैर असेल. वैर नव्हतं. असतं तर मला थोडं सोपं गेलं असतं.

गावात वीज येऊन थोडीच वर्षं झाली होती. थोरल्या दिरांनी — त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो — मोटारीवर चालणारी कडबा-कुट्टीची मशीन आणली. आम्हा दोघींना समोर उभं करून शिकवलं. पदर खोचायचा. मशीनच्या तोंडात काही अडकलेलं नाही ना, बघायचं. मोठ्यानं विचारायचं, समोरून उत्तर आलं की मगच विजेचा खटका वर. बंद करताना खटका खाली, आणि पात्यांचं चाक पुरतं थांबल्याशिवाय हात जवळ न्यायचा नाही.

"आन् लाईट गेली तर?" अक्कानं विचारलं.

"लाईट गेली म्हंजे मशीन बंद झाली आसं न्हाई," अण्णा म्हणाले. "खटका पडला तरच बंद. पयलं खटका, मग बाकीचं."

खटका गोठ्याच्या आतल्या भिंतीवर, मशीन बाहेर पत्र्याखाली. अक्का कडबा सारायची, खटका माझ्याकडे. तिला तो दिसायचा नाही. माझ्या शब्दावर तिचा हात आत जायचा.

शिमग्याच्या आधीची दुपार होती. मशीनच्या तोंडात कडबा अडकला, आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. चाक थांबलं. गल्लीत बांगडीवाली ओरडत होती. मी गोठ्यात जायच्या ऐवजी दारात गेले. बसलेसुद्धा. हिरव्या बांगड्या हातात धरून उन्हात बघत होते, तेवढ्यात मागून अक्काची हाक आली —

"गंगू, खटका पाडलीस का ग?"

आणि मी मान न वळवता म्हणाले, "व्हय अक्का, पाडले."

का म्हणाले? खोटं बोलायचं मनात नव्हतं. तिचं वाईट करायचं तर नव्हतंच. मला उठायचं नव्हतं — एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस असं बोलतं का? मी बोलले.

लाईट आली.

तो आवाज मी सांगणार नाही. मी धावले — आधी गोठ्यात, खटक्याकडे. मशीन थांबवायलाच गेले, हे खरं. पण खटका खाली ओढताना मनात आलं, की आता कुणाला कळणार नाही — हेही खरं.

अक्काच्या डाव्या हाताची बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. अण्णा तिला जीपमध्ये घालून गुलबर्ग्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. बांगडीवाली परगावची, घाबरून टोपली उचलून निघून गेली होती. सासूबाईंनी माझा दंड धरला, मला कळावं म्हणून मराठीतच विचारलं.

"चालू कामून झाली ग मशीन?"

"अक्कानंच चालू कर म्हणली. हात आत हाय, मला काय म्हाईत?"

सगळ्यांनी ऐकून घेतलं. उलट, धाकटीनं पळत जाऊन खटका पाडला म्हणून थोरलीचा जीव वाचला, असं गावभर झालं.

इथवरचं भीतीपोटी झालं, असं म्हणता येईल. पण पुढचं?

अक्का घरी आली. मी तिची वेणी घालत होते. ती हळूच म्हणाली, "गंगू, मी तुला इचारलं व्हतं. तू व्हय म्हणलीस — मला ऐकू आलं. का तू 'न्हाई' म्हणली व्हतीस?"

ती भांडत नव्हती. तिला फक्त आपल्या कानांची खात्री करायची होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. एक शब्द पुरला असता.

"न्हाई अक्का," मी म्हणाले. "तू चालू कर म्हणलीस. तुला भास झाला आसंल."

तिनं माझ्याकडे वळून बघितलं. मग म्हणाली, "आसंल बाई."

त्या दिवसापासून अक्का प्रत्येक गोष्ट दोनदा विचारू लागली. दूध उतरवलं का? उतरवलं का ग? खरंच म्हणलीस का? घरचे आधी हसले, मग वैतागले. कोठीच्या किल्ल्या तिच्याकडून माझ्याकडे आल्या. सकाळी ती पूजेला बसायची, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवायची आणि ते घसरू नये म्हणून हात मांडीला घट्ट दाबून धरायची. मी बाजूला फुलं ठेवून उठायचे. मला म्हणायची, "तू व्हतीस म्हणून मी हाय." मी ते ऐकून घेत राहिले. वर्षानुवर्षं.

ती आजारी पडली तेव्हा शेवटी शेवटी काहीबाही बोलायची. कोण आलंय, कुणी हाक मारली, असं. तिची लेक सासरहून आली होती. उशाशी बसून डोळे पुसत मला म्हणाली, "आईला पयल्यापासनंच भास व्हायचे न्हाई का, काकू? हात गेला तवापासनं?"

अक्का जागी होती. आमच्याकडेच बघत होती.

मी "व्हय" म्हणाले.