एका तासाच्या बाई

घाटकोपरच्या मराठी शाळेतल्या धम्मपाल वाहुळे सरांची एकच हौस होती: आपल्या हाताखालून गेलेल्या एकाने तरी मास्तर व्हावं. पण पोरं इंजिनियर झाली, विमा विकू लागली. एकाने तर सलून काढून सरांची फुकटात हजामत सुरू केली.

यंदा सरांचा डोळा दहावीतल्या दिशावर होता. शिक्षकदिनी मुलंच शिकवतात, म्हणून त्यांनी आपला इतिहासाचा तास तिला दिला आणि स्वतः मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यासारखे नटूनथटून शेवटच्या बाकावर बसले.

आईची साडी नेसलेल्या दिशाने सरांसारखाच चष्मा कपाळावर चढवला. वर्ग खिदळला. मग ती असं काही शिकवू लागली की टारगट पोरंही गप्प झाली. सर खुशीत आले. तेवढ्यात तिने पुस्तक मिटलं, टेबलावरची सरांची फाईल काखेत मारली आणि त्यांच्याच आवाजात म्हणाली, "उरलेला धडा घरी वाचा रे. मला मतदारयादीच्या कामाला जायचंय."

वर्ग हसून लोळला. सरही हसले, करतात काय!

तास संपल्यावर त्यांनी तिला गाठलं. "झकास शिकवलंस गं. तू शिक्षिकाच हो."

"काय सर, तुम्ही पण ना! मला आवडतं हो शिकवायला. पण तुम्हाला तरी कुठे शिकवू देतात?"

सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच शिपाई दारात आला. "सर, निवडणुकीचे साहेब खाली थांबलेत. फाईल घेऊन या म्हणाले."

दिशाने काखेतली फाईल सरांच्या हातात दिली.