घासवाली

माझ्या बायकोने ताटातला पहिला घास कधी स्वतः खाल्ला नाही. वरणभात असो की कोरडी पोळी, आधी एक घास बाजूला काढायची, मग जेवायची. गावाकडे तो गोठ्यातल्या गाईला जायचा. जर्मनीत झिंडेलफिंगेनला आल्यावर गाय कुठली? मग बाल्कनीच्या कठड्यावर ठेवायला लागली. इथल्या मराठी घरांत तिचं नाव पडलं घासवाली काकू. तिला ते आवडायचं.

कबुतरं जमायला लागली तेव्हा हाउसमाइस्टर, म्हणजे आमच्या इमारतीची देखभाल बघणारा, तक्रार घेऊन आला. पक्ष्यांना खायला घालायचं नाही म्हणाला. हिने जर्मनमध्ये "या, या, गेनाऊ", म्हणजे हो हो, अगदी बरोबर, म्हणत त्याला चहा पाजला आणि दुसऱ्या दिवसापासून घास लहान केला. बंद नाही केला. मी कारखान्यात गाड्यांना रंग मारून दमून यायचो, चिडायचो. इथली कबुतरं तुझ्यावाचून मरत नाहीत म्हणायचो. ती म्हणायची, "अहो, आधी दुसऱ्या कोणाच्या तोंडात पडायला पाहिजे. नाहीतर माझ्या घशाखाली उतरत नाही."

पुढे खरंच उतरेना. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. आता फक्त दुखणं कमी करता येईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. मी म्हटलं, गावी जाऊ. तिला आफ्रिकेला जायचं होतं. आमची मुलगी शुभा तिथल्या एका अभयारण्यात काम करून आली होती. तिकडच्या यादवी युद्धात सैनिकांनी आणि उपाशी लोकांनी तिथली जनावरं मारून संपवली, मग दुसरीकडून ट्रकने आणून ते जंगल पुन्हा वसवलं, हे तिने आईला सांगितलेलं. आईच्या डोक्यात तेच बसलं.

मी तोंडाचा फटकळ. म्हणालो, "जनावरं परत आली म्हणून तू बरी होणार आहेस का?"

"बरं कुठे व्हायचंय मला? एवढं रिकामं झालेलं परत भरतं का, ते बघायचंय."

शुभाला घेऊन गेलो. जीपच्या धक्क्यांनी तिचे हाल झाले, पण थांबा म्हणाली नाही. हत्तिणी दिसल्या. तिकडे हत्तिणींनाही सुळे असतात, पण यांतल्या बऱ्याच जणींना नव्हते. गाइडने सांगितलं, सुळेवाल्या मारल्या गेल्या, बिनसुळ्याच्या वाचल्या, त्यांच्याच या लेकी. एक म्हातारी हत्तीण कान पसरून आमच्या अंगावर आली. कानाला गोळीचं भोक होतं. गाइडने जीप मागे घेतली. ही हळूच म्हणाली, "जंगल भरलं. ही अजून युद्धातच आहे."

दुपारी झाडाखाली डबा उघडला. शुभाने मऊ भात कालवून आणलेला. हिने सवयीने पहिला घास दगडावर ठेवला. गाइड उठून आला आणि कडक आवाजात बोलला. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं जनावर वस्तीत शिरतं, मग त्याला गोळी घालावी लागते, एक शीतही इथे टाकायचं नाही. हिचा चेहरा उतरला. घास उचलून मुठीत धरला आणि डबा बाजूला सारला. दिवसभरात तिच्या पोटात जाणार होतं ते तेवढंच. मी ओरडलो. शुभा रडवेली होऊन आईला जर्मनमध्ये समजावत राहिली.

बाई जेवत का नाहीत, असं गाइडने विचारलं. शुभाने सांगितलं. पन्नाशीचा माणूस तो, हिच्यासमोर मातीत बसला, हात पुढे केला. काय बोलला ते शुभाने आपल्या मोडक्या मराठीत सांगितलं. "युद्धात मी लहान होतो. इथलीच जनावरं आम्ही खाल्ली. ती संपली तेव्हा झाडांची मुळं खाल्ली. उपाशी माणसाचा वाटा असेल तर मला द्या."

हिने घास त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने खाल्ला. मग ही जेवली. नीट जेवताना मी तिला पाहिलं ते शेवटचं.

जर्मनीला परतलो आणि थंडी पडायच्या आत ती गेली. शेवटी शेवटी नळीतून अन्न जायचं, तरी माझं ताट आलं की बोटाने खूण करायची, आधी काढा. राख घरी ठेवायला इथला कायदा देत नाही. कलश दफनभूमीत पुरला. शुभा कार्ल्सरूहेला आपल्या कामावर गेली.

आता मी एकटा जेवतो. पहिला घास काढून ताटाच्या कडेला ठेवतो. बाल्कनीत नाही ठेवत, कबुतरांवर माझा जीव नाही. जेवण संपतं, घास तिथेच असतो. घरात दुसरं कोणी नाही. मग तोही मीच तोंडात घालतो. काही केल्या घशाखाली उतरत नाही.