पत्ता : मुलींचं वसतिगृह

आमच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना आम्ही मुली आपसात ‘टाचणी’ म्हणायचो. अंगाने काटकुळ्या आणि बोलायला टोचऱ्या. खोलीतला दिवा चालू ठेवून गेलेल्या मुलीला त्या सगळ्यांसमोर विचारायच्या, "वडिलांचं वीजघर आहे का गं?" पण कुणी तापाने फणफणली की स्वतःची गादी तिच्या कॉटशेजारी टाकून तिथेच पडायच्या.

लग्न मोडल्यावर त्या इथे नोकरीला लागल्या होत्या. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांची विसराळू झालेली आई. नोकरीसोबत घर मिळालं होतं, आणि नोकरी गेली की तेही जाणार होतं. प्राचार्यांसमोर बाईंची जीभ टाळ्याला चिकटायची ती त्यामुळेच.

वसतिगृहापासून हमरस्त्यापर्यंत जाणाऱ्या गल्लीत खांब होते, दिवे नव्हते. एका संध्याकाळी वाचनालयातून परतताना माझ्या शेजारच्या कॉटवरच्या मुलीला कुणीतरी मागून धरलं. ती त्याच्या हाताला कडकडून चावली आणि पळत सुटली. फाटकाशी येऊनच थांबली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. पोलिसांत जायला त्यांनी साफ नकार दिला. मुलीचं नाव चारचौघांत यायला नको म्हणाले. तिची ट्रंक उचलता उचलता बाईंना एवढंच बोलले, "तुमच्या भरवशावर पाठवली होती." बाई फाटकाची कडी धरून उभ्याच राहिल्या.

त्या आठवड्यात बाई आम्हा मुलींना घेऊन नगरसेवकाकडे गेल्या. त्याने पंखा लावला, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं. मग हसत विचारलं, "तुमच्यातल्या इथल्या मतदार किती?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. सगळ्यांची नावं आपापल्या गावी.

"मग दिव्याचंही गावीच सांगा की," तो म्हणाला. त्याची माणसं खो-खो हसली.

आमच्यात कायदा शिकणारी एक मुलगी होती, तिला सगळे वकिलीण म्हणायचे. ती चिडून थेट निवडणूक कार्यालयात गेली आणि माहिती घेऊनच परतली. शिक्षणासाठी राहणाऱ्या मुलीला राहत्या जागी मतदार होता येतं. त्यासाठी वयाचा पुरावा हवा आणि ती इथेच राहते असा वसतिगृहाचा दाखला हवा. नाव मात्र एकाच ठिकाणी ठेवता येतं; इथे घातलं की घरचं कापलं जातं.

या कापण्यावरून घराघरांत धुसफूस झाली. "घरातली मतं मोजून लोक आपल्याला विचारतात, एक कमी करू नकोस," असं माझ्या बाबांनी बजावलं. एकीच्या आईने तर फोनवर रडून गोंधळ घातला, जणू मुलीचं नाव घरातूनच काढून टाकतायत. तरी बऱ्याच मुली तयार झाल्या. अडलं ते बाईंच्या सहीशिक्क्यापाशी.

बाई प्राचार्यांना विचारायला गेल्या. नगरसेवक संस्थेच्या अध्यक्षांचा मेहुणा होता, हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं. प्राचार्य म्हणाले, "मी नाही म्हणत नाही. पण मुली आज आहेत, उद्या जातील. तुम्हाला मात्र इथेच राहायचंय."

बाई परत आल्या त्या आमच्यावरच उखडल्या. "अभ्यासाला आलात ना? अभ्यास करा!" वकिलीण काही बोलायला गेली तर दार धाडकन लावून घेतलं. त्यानंतर त्या जेवणाच्या वेळीही आमच्या टेबलाकडे फिरकेनात.

पुढच्याच आठवड्यात एक नवीन मुलगी राहायला आली. तिला ती रिकामी कॉट दाखवायला बाई आमच्या खोलीत आल्या. तिच्या आईने सहज विचारलं, "जागा सुरक्षित आहे ना हो?" बाई गादीवरची चादर सारखी करत राहिल्या.

संध्याकाळी त्या शिक्का घेऊनच वर आल्या. "कुठे मारायचा ते दाखवा. आणि उगाच तोंडं वेंगाडू नका," त्या म्हणाल्या. पहिला शिक्का तिरकाच उमटला.

"बाई, तुमचं नाव कुठे आहे?" वकिलिणीने विचारलं.

"भावाच्या घरी. निवडणूक आली की माझी आठवण होते त्याला."

त्या दिवशी त्यांनी आपला आणि आईचाही अर्ज भरला. आईला नीट कळेना. ती पुन्हापुन्हा विचारत होती, "म्हणजे आता हे आपलं घर झालं?" बाईंनी "हो" म्हटलं आणि पटकन मान वळवली.

निवडणूक कार्यालयाचा माणूस येऊन खोल्या, ओळखपत्रं पाहून गेला. यादी लागली. बहुतेकींची नावं होती. वकिलिणीचं नव्हतं. तिने पावती घेऊन खेटे घातले, पण "आता पुढच्या वेळी" यापलीकडे उत्तर मिळालं नाही. आम्हाला या कामाला लावणारीच यादीबाहेर राहिली.

मतदानाच्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी नगरसेवकाची माणसं उभी होती. एकजण आमचे फोटो काढत होता. दोघी-तिघी तिथूनच मागे वळल्या. त्यांना कुणी दोष दिला नाही. बाई आईचा हात धरून सगळ्यांच्या पुढे चालत होत्या. "खाली बघू नका गं," एवढंच म्हणाल्या.

नगरसेवक आरामात निवडून आला. आमच्या मतांनी त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. फक्त आमच्या केंद्रावर तो मागे पडला, आणि ते कुणामुळे हे शोधायला त्याला कष्ट पडले नसणार.

वार्षिक परीक्षा संपता संपता संस्थेने वसतिगृह कंत्राटदाराला चालवायला दिलं. कंत्राटदाराची स्वतःची माणसं होती. प्राचार्यांनी बाईंना चहा पाजला आणि खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. आम्ही सह्या गोळा केल्या, प्राचार्यांच्या दाराशी बसलो. ते मागच्या दाराने निघून गेले.

सुट्टीनंतर मी बाईंना शोधत गेले. पुलापलीकडे एका खोलीत राहत होत्या, झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करत होत्या. मी पोहोचले तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं; बाईंनी दुकानातून येऊन ते उघडलं. आई ‘घरी जाते’ म्हणत रस्त्यावर जायची, म्हणून दुकानात जाताना तिला कोंडून जावं लागे.

बाईंनी चहा टाकला. मी चाचरत विचारलं, "बाई, आमचा राग येतो का?"

"येतो कधीकधी," त्या म्हणाल्या. "आईला कुलूप लावताना येतो. एरवी नाही."

"आणि मतदानाचं? आता पत्ता पुन्हा बदलावा लागेल ना?"

"बदलेन गं. आधी हिला इथे रुळू दे."

आई दारात येऊन उभी राहिली होती. तिला आत आणून बसवायला बाई उठल्या आणि चहा उतू गेला.