बेड न बघता घेतलेला लेथ

हे मी ताईला सांगितलेलं नाही, बायकोला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा एवढं गाळूनच पुढे जातो. आज तुला सांगतो — नुसतं ऐक.

ताई, माझी मोठी बहीण, माणिकपूरला राहते. भावोजी मुंबईत ऑफिसात, सगळी नोकरी कागदांत गेली. पण माणसाला लोखंडाचं काय वेड! कुणाचा नळ गळो, शेजारणीचं शिलाई मशीन अडो — स्वारी पाना घेऊन हजर. नोकरी सोडली तेव्हा म्हणाले, "मागच्या पत्र्याच्या खोलीत लेथ टाकतो, बारीकसारीक पितळी कामं करीन. पण मशीन तू निवडायचं हं." मीच का? मी टर्नर ना! वसई पूर्वेच्या गाळ्यांत लेथवर लोखंड कातत केस पांढरे केलेला. 'आमचा मेव्हणा टर्नर आहे' हे त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकवलं होतं.

जुना लेथ घेताना आधी बेड बघायचा. म्हणजे ज्या लोखंडी पट्ट्यांवर हत्याराचा गाडा मागेपुढे सरकतो, त्या. काम धरतात त्या टोकाला त्या जास्त झिजतात. गाडा तिथे घट्ट करायचा आणि हाताने पार दुसऱ्या टोकाला न्यायचा. झीज असली की तिकडे, न झिजलेल्या भागात, तो अडकतो. अगदी नवख्यालाही हे शिकवतात. मी केलं का? छे! ताजा हिरवा रंग, मोटरचा गोड आवाज, दुकानदाराचा चहा, वर त्याचं "तुमच्यासारख्या जाणकाराला आम्ही काय सांगणार" — चढलो हरभऱ्याच्या झाडावर. म्हणालो, "भावोजी, डोळे झाकून घ्या."

लेथ घरी आला. ताईनं कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. नारळ मी फोडला. पहिल्यांदा चालवायचा मानही भावोजींनी मलाच दिला. मी गाडा घट्ट केला, सरकवत नेला आणि — अडकला. कळलं? तिथल्या तिथे कळलं! दुकानदार बदलून द्यायला तयार होता, तसं बोलला होता. एवढंच म्हणायचं होतं, भावोजी, मी बेड बघितलाच नाही. पण दारात गल्लीतली माणसं पेढे खात उभी. मी गाडा थोडा सैल केला, तेल सोडलं आणि म्हणालो, "बरेच दिवस उभं होतं ना मशीन, जरा कडक असणारच."

इथवर भित्रेपणा म्हण. पुढचं काय म्हणशील?

त्या झिजलेल्या बेडवर त्यांचा रॉड एका टोकाला जाड यायचा, दुसऱ्या टोकाला बारीक. कामं परत यायची. मग यायचीच बंद झाली. रविवारी मी गेलो की रॉड माझ्या हातात देऊन, खाली बघत विचारायचे, "माझं काय चुकतंय रे?" माझ्याहून मोठा माणूस! आणि मी? "हात बसायला वेळ लागतो, भावोजी." दर वेळी हेच. एकदा म्हणाले, "आमचा हात कागदाचा. लोखंडाला नाही चालायचा." तेव्हा तरी बोलावं ना? मी हसलो. त्यांना बरं वाटावं असं हसलो.

पुढे लेथवर ताईची जुनी साडी पडली. ती कोणी काढली नाही. शेजारीण शिलाई मशीन घेऊन आली तर म्हणायचे, "वहिनी, कारागिराकडे न्या, माझ्याच्याने बिघडेल." पानासुद्धा हातात घेईनात. हे मी केलं. त्या हाताला काहीही झालं नव्हतं.

भावोजी गेले. तेराव्याला ताई पाहुण्यांना सांगत होती, "हौस फार होती हो त्यांना, पण हात नव्हता." मग माझ्याकडे वळली. "तू तर बघितलंयस. नव्हता ना रे?"

मी म्हणालो, "नव्हता."