बंगईच्या हुकावरची रेघ

मटेरिअल्स इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी, जळगावच्या कॉलेजात, आम्हाला भेग शोधायची चाचणी शिकवली. लोखंडावर लाल रंग मारायचा, मुरू द्यायचा, पुसायचा आणि वर पांढरी पावडर फवारायची. भेग असेल तर तिच्यात शिरलेला रंग वर येतो. धडधाकट दिसणाऱ्या दांड्यावर लाल रेघ आपोआप उमटली.

दिवाळीच्या सुट्टीत चाचणीचे डबे मागून घेतले आणि पारोळ्याला घरी नेले. आमच्या ओसरीत बंगई आहे, चार सळयांवर टांगलेली लाकडी फळी. दुपारी आजोबा, म्हणजे आबा, तिच्यावर झोपतात.

स्टुलावर चढून छतातले चारही हुक रंगवले.

“काय रे, बंगईले कुंकू लावस का?” आबांनी खालून विचारलं.

रंग मुरल्यावर पुसला, पावडर फवारली. लाल रेघ कुठेच आली नाही. “सगळं ठीक आहे,” मी म्हणालो.

“मंग बठ्ठं ठीक शे ना? सरक.” आबा आडवे झाले.

पावडर पुसायची राहून गेली. दुसऱ्या दुपारी आबा झोपले होते, बंगई हळू हलत होती. त्यांच्या डोक्यावरच्या हुकावर, पांढऱ्यात, एक तपकिरी रेघ होती. हुकाला जवळजवळ पूर्ण वळसा घालणारी. बंगई पुढे गेली की ती ओली चकाकायची, मागे आली की विझायची.

ते तेल होतं. बंगई कुरकुरू नये म्हणून आबा दर शनिवारी हुकांत एरंडेल सोडत. भेग त्यानेच भरलेली होती; झोक्यासरशी ती उघडत-मिटत होती. रंगाला आत जागाच नव्हती.

“आबा, झोका घेऊ नका. हळूच पाय खाली टेका.”

“काय व्हयनं?”

“आधी उतरा.”

ते उतरले. रिकामी बंगई हलत राहिली. आमच्याकडे रिकामी बंगई हलू देत नाहीत; ती थांबवायला त्यांनी सवयीने हात पुढे केला. मी तो धरला.

सुट्टीनंतर तो हुक लॅबमध्ये पकडीत आवळला. हातोडीच्या एका हलक्या ठोक्याने तुटला. तुटलेलं तोंड जुन्या तेलाने काळं पडलं होतं. नुकतं तुटलेलं, चमकणारं लोखंड कडेला तांदळाच्या दाण्याएवढं होतं.

नवे हुक बसवले. पुन्हा भेग लपू नये म्हणून त्यांना तेल लावायचं नाही, असं मी सांगितलं. आता बंगई कुरकुरते. दुपारी तो आवाज थांबला की घरातलं कोणीतरी ओसरीत डोकावून जातं.